आबांचा ११ डिसेंबरचा नेम: माजी सैनिक आजोबांची माहिती कुठून काढायची?

राजारामपुरीची नात:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आठ दिवसांत गेले. ७८ वर्षांचे होते. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलंय आणि घरात असं ठरलंय की आबांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापायची, चाळीसेक पानांची, आणि पै-पाहुण्यांना वाटायची. लिहायचं काम माझ्याकडं आलं. बसले लिहायला आणि दोन दिवसांत लक्षात आलं की घरातले आबा मला तोंडपाठ आहेत पण मिलिटरीतल्या आबांबद्दल मला चार ओळी सुद्धा लिहिता येत नाहीत. मराठा लाईट इन्फंट्रीत होते, १७-१८ वर्षं नोकरी, हवालदार म्हणून पेन्शनवर आले, नंतर एका साखर कारखान्यात सिक्युरिटीला होते. संपलं. एवढंच.

घरातले आबा म्हणजे पहाटे साडेचारला उठणारे, अंथरुणाची घडी अशी की चारी कडा एकावर एक, पहिला चहा स्वतः करून आज्जीला उठवायचे, 'उठा, टाईम झाला' म्हणून. आई बँकेत होती, तिची सकाळची धावपळ, म्हणून माझ्या दोन वेण्या आबा घालायचे. भांग इतका सरळ की शाळेत बाई विचारायच्या कुणी पाडला. आज्जीला मोतीबिंदू झाल्यापासून घरातलं सगळं शिवणटिपण आबांकडं. त्यांच्याजवळ खाकी कापडाची एक गुंडाळी होती, त्यात सुया, दोन रंगांचा दोरा, बटणं, छोटी कात्री, त्याला ते 'हाउसवाईफ' म्हणायचे, मिलिटरीत प्रत्येक जवानाजवळ असते म्हणे. माझा शाळेचा निळा पिनाफोर खांद्यावर उसवला की आबा उन्हात दारात बसून असा टाका घालायचे की बाहेरून दिसायचाच नाही. बाबांची आणि काकांची फी, आत्याचं लग्न, आमची शिक्षणं, सगळं त्या पेन्शनीत आणि कारखान्याच्या पगारात बसवलं, कुणाकडं हात पसरला नाही. आणि शर्टाच्या खिशात कायम चुरमुरे. गल्लीतलं कुठलंही पोर समोर आलं की मूठभर त्याच्या हातावर. 'आमी बंगाल्यात हुतो तवा चुरमुऱ्याला तिथं मुडी म्हनत्यात, एका म्हातारीनं आमाला पदरातनं मुडी आणून दिल्ती,' एवढी एकच लढाईची गोष्ट त्यांनी मला सांगितली. लढाई म्हणजे लोकांना वाटतं बंदुका, आमच्या आबांची लढाई म्हणजे पदरातले चुरमुरे.

आता मुद्द्याचं. दरवर्षी ११ डिसेंबरला आबा पहाटे सायकल काढून पंचगंगेवर जायचे. केवढीही थंडी असू दे, नदीत अंघोळ करायचे, घाटावर नारळ फोडायचे, घरी येऊन दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत. बाबा म्हणतात की ते लहान असताना त्याच दिवशी आबा इस्त्रीचे कपडे घालून पोस्टात पण जाऊन यायचे, मी मात्र ते कधी बघितलं नाही. का म्हणून विचारलं की 'नेम हाय माझा' एवढंच. शेवटच्या वर्षी गुडघे गेलेले, तरी काकांच्या गाडीवर मागं बसून गेले. माघारी आले तेव्हा ओले केस, कपाळाला अंगारा आणि एक शब्द नाही. तो नेम कशाचा हे घरात कुणालाच ठाऊक नाही, किंवा आज्जीला ठाऊक असेल तर ती बोलत नाही.

आबांची काळी पत्र्याची ट्रंक आहे, वर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव. किल्ली आज्जीच्या कनवटीला. वर्ष झालं, अजून कुणी उघडलेली नाही, आणि मला जबरदस्ती करायची नाही.

तर विचारायचं ते हे, की त्यांच्या नोकरीची माहिती कुठं मिळते, कुणाला अर्ज करायचा, ट्रंकेत काय शोधायचं? आणि दुसरं एक मनाला लागलेलं आहे. आबांना न्यायच्या वेळी काकांनी त्यांच्या अंगावर तिरंगा घालायचा म्हणून आणून ठेवला होता, भावकीतल्या एकांनी तसं चालत नाही म्हणून अडवलं, त्यावरून दारातच शब्दाला शब्द वाढला. काका अजून हळहळतात. खरं काय आहे?

कसबा बावडा:

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं बघ. आमच्या गल्लीत पण असे एक फौजी आजोबा होते, २६ जानेवारीला पोरांना ओळीत उभं करून झेंड्याला सॅल्यूट कसा ठोकायचा शिकवायचे, तळहात कसा, कोपर कसं.

मला वाटतंय पुस्तिकेपेक्षा व्हिडिओ कर. आजकाल वाचतंय कोण, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पन्नास घरात जातो. फोटो, मागं आवाज, आज्जी बोलतात असं. नाहीतर दोन्ही कर. बाकी कागदपत्राचं जाणकार सांगतीलच, इथं दोन-तीन फौजी मंडळी आहेत.

पेन्शनर सुभेदार:

बाळ, आधी तुझ्या आबांना माझा जय हिंद. मी पण मराठाच, वेगळ्या बटालियनचा, आणि त्यांच्यापेक्षा बराच ज्युनियर.

तू ११ डिसेंबर लिहिलंस आणि मी चष्मा पुसून परत वाचलं. बंगाल, मुडी आणि ११ डिसेंबर हे तिन्ही एकत्र आलं की मराठा रेजिमेंटच्या माणसाच्या डोक्यात एकच नाव येतं, जमालपूर. तुझे आबा जंगी पलटणीत होते का बघ. जंगी पलटण म्हणजे १ मराठा, आमच्या रेजिमेंटची सगळ्यात जुनी बटालियन, १७६८ सालची. ७१ च्या बांगलादेशच्या लढाईत ही पलटण उत्तरेकडनं खाली उतरत जमालपूरवर गेली. तिथं पाकिस्तानची ३१ बलूच पक्के मोर्चे बांधून बसलेली. समोरून धडक मारायची सोडून आपल्या लोकांनी ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि मागून ढाक्याचा रस्ताच अडवला. ९ तारखेला आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, एका स्थानिक माणसाच्या हातून. त्यांच्या कर्नल सुलतान अहमदनं उलट चिठ्ठी धाडली, आत बंदुकीची गोळी गुंडाळून, की पुढच्या वेळी हातात पेन नको स्टेनगन घेऊन या. १० च्या रात्री बलूच पलटण अंधारात फोडून निघायला बघत होती आणि रस्त्यात आपली जंगी पलटण खंदक खोदून बसलेली. रात्रभर अगदी जवळून लढाई झाली. ११ डिसेंबरला सकाळी जमालपूर पडलं. कमांडिंग ऑफिसर कर्नल ब्रार यांना वीरचक्र मिळालं, रेजिमेंटला जमालपूर हा बॅटल ऑनर, म्हणजे लढाईचा मान, मिळाला.

त्याच ११ तारखेला २ पॅरा ही आपली छत्रीधारी बटालियन टांगाईलला पॅराशूटनं उतरली, आणि ही २ पॅरा म्हणजे सुद्धा मूळची ३ मराठा. दुसऱ्या दिवशी पूंगलीच्या पुलावर जंगी पलटण जाऊन त्यांना मिळाली. परमुलखात, रात्री अंधारात मराठी ऐकायला आलं असेल तेव्हा काय वाटलं असेल त्या पोरांना, मी कितीदा तरी विचार करतो. पुढं १६ तारखेला ढाक्यात शरणागती, ९३ हजार कैदी, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण जो माणूस दरवर्षी ११ ला उपाशी राहतो त्याच्यासाठी ती तारीख जिंकल्याची नसते, बाळ. त्या रात्री त्याच्या शेजारच्या खंदकात कोण होतं ते शोध.

आता ट्रंकेचं. सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक बघ. त्यात भरतीची तारीख, बटालियन, बढत्या, कोर्स, मेडलं, सगळं असतं, शिवाय कॅरॅक्टर काय लिहिलंय ते. मग मेडलं बघ. पाच टोकांचा ब्राँझचा तारा असेल तर तो पूर्वी स्टार, म्हणजे पूर्वेच्या आघाडीवर होते हे पक्कं. पश्चिमेला असते तर पश्चिमी स्टार मिळाला असता. संग्राम मेडल गोल असतं. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं पण एक मेडल असेल, ते त्या वेळी नोकरीत असलेल्यांना मिळालं. गोल मेडलाची कड तिरकी धरून उजेडात बघ, कडेवर नंबर, रँक, नाव ठोकलेलं असतं. आपल्या मराठा जवानांचा नंबर २७ नं सुरू होतो. ब्रासो लावून घासू नको, अक्षरं झिजतात. मऊ फडक्यानं पुस.

त्यानंतर बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज कर. नंबर, रँक, नाव, बटालियन, तुझं नातं, मृत्यू दाखल्याची आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स. आज्जींची सही असली तर बरं. आपल्या कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण जाऊन ये, आणि तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत विचार, कारण कागदावर नसलेलं सगळं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतं आणि ७१ वाली मंडळी आता दरवर्षी कमी होत चाललीत. जमलं तर ४ फेब्रुवारीला मराठा डे असतो, सिंहगड सर केला तो दिवस. बेळगावचं सेंटर आणि म्युझियम एकदा आज्जींना दाखव.

तिरंग्याचं सांगतो, काकांनी मनाला लावून घेऊ नये. झेंड्याच्या नियमात शासकीय किंवा सैनिकी इतमामाचा अंत्यविधी असेल तरच पार्थिवावर तिरंगा घालतात, आणि तो सुद्धा चितेवर ठेवत नाहीत, आधी घडी करून काढून घेतात. पेन्शनवर आल्यावर घरी वारलेल्या माणसाला सहसा तो इतमाम नसतो. अडवणारे नियमानं बरोबर होते, पण ते दारात, त्या वेळेला, त्या आवाजात सांगायची गोष्ट नव्हती. काकांच्या मनात होतं ते आबांना पोचलं म्हणायचं. माजी सैनिकांना कळवलं की चार लोक येतात, पुष्पचक्र वाहतात, सॅल्यूट देतात, ते वर्षश्राद्धाला सुद्धा करता येतं. मला कळव, मी येतो, आणखी दोघं-तिघं घेऊन येतो.

आणि एक विचारायचं राहिलं. आज्जींची फॅमिली पेन्शन सुरू झाली का? स्पर्शवर, म्हणजे मिलिटरी पेन्शनच्या पोर्टलवर, मृत्यूची नोंद केली का? दर वर्षीचा हयातीचा दाखला आता आज्जींचा द्यावा लागणार. हे आधी बघ, पुस्तिका नंतर.

राजारामपुरीची नात:

सुभेदार काका, तुमचं वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते. आईला वाचून दाखवलं, मग बाबांना फोन लावला. बाबांना सुद्धा जमालपूर हे नाव माहीत नव्हतं.

फॅमिली पेन्शन सुरू झाली, पण त्यासाठी आज्जीला तीन हेलपाटे घालावे लागले. आज्जीचं नाव एका कागदावर माहेरचं आणि एका कागदावर सासरचं, त्यावरनं तिला काउंटरला दीड तास उभं केलं. ती काही बोलली नाही, फक्त घरी येऊन म्हणाली, 'हे असते तर असं उभं ऱ्हाऊ दिलं नसतं.'

ट्रंकेचं मात्र अडलंय. आज्जीला काय म्हणून विचारू?

गडहिंग्लजच्या बाई:

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर. आमच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड पट्ट्यात घरटी एक फौजी, तिकडं शिरोळमध्ये तर गावाचं नावच सैनिक टाकळी. माझे सासरे, दोन दीर, सगळे मिलिटरीत. म्हणून अनुभवातनं सांगते.

आज्जींना 'आबांबद्दल सांगा' असं विचारू नकोस. असं विचारलं की बायका म्हणतात, 'काय सांगू, चांगले हुते', आणि विषय मिटतो. त्यांच्या हातात वस्तू दे. जुना फोटो दे, लुगडं दे, पत्र दे. आणि समोर वही-पेन घेऊन बसू नकोस. लसूण सोलायला बस, फोन मांडीजवळ रेकॉर्डिंगला लावून ठेव, त्यांना सांगून ठेव की आवाज धरतोय, म्हणजे फसवल्यासारखं होत नाही. पहिल्या दिवशी त्या आमटीचं आणि पावसाचं बोलतील. बोलू दे. तिसऱ्या दिवशी आपोआप येतंय.

आणि एक लक्षात घे. त्या लढाईत आबा होते तशा आज्जी पण होत्या. ७१ साली माझं वय असेल दहा-अकरा. गावात पोस्टमन मारुतीच्या देवळापाशी सायकलवरनं उतरला की बायका दारातनं आत जायच्या. माझी मोठी चुलती तर परड्यात जाऊन गवताच्या बुचाडाआड बसायची, कारण तार आली तर ती हातात घ्यायची नव्हती तिला. पोस्टमन पुढच्या घरी गेला की मग बाहेर यायची आणि चुलीवर काय ठेवलंय ते विसरून जायची. हे कुणी लिहून ठेवलंय का? पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसतं ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे मिलिटरीच्या पोस्टाचा नंबर. नवरा कुठल्या मुलखात आहे ते बायकोला ठाऊक नाही, आणि घरात म्हातारी सासू, अंगावर पोर, शेतात ऊस. तुझ्या पुस्तिकेत आज्जींचं एक अख्खं प्रकरण पाहिजे, मी तर म्हणते पहिलं तेच घे.

माझ्या सासऱ्यांचं आम्ही काहीच लिहून घेतलं नाही. त्यांचा आवाज सुद्धा नाही कुठं. आता नातवंडं विचारतात आणि मी फोटोकडं बोट दाखवते.

बाबांनी सांगितलेलं ते पोस्टात जाणं, ते सोडू नकोस. इस्त्रीचे कपडे घालून माणूस तिकीट आणायला जात नाही.

पंचगंगाकाठ:

मी प्रयाग चिखलीचा. २०१९ च्या महापुरातलं एक सांगतो, तुझ्या आबांचं नाही पण त्याच मातीतलं.

आमच्या शेजारी एक माजी नाईक होते, पंच्याहत्तरीच्या पुढचे. पाणी दारात आलं तेव्हा आम्ही २०-२५ माणसं त्यांच्याच स्लॅबवर, खाली सगळं बुडालेलं, रात्रभर जनावरांचा आवाज. त्यांनी एका पोराच्या दप्तरातनं वही घेतली आणि टॉर्चच्या उजेडात सगळ्यांची नावं लिहिली, वय, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाची गोळी राहिली. दर दोन तासाला हजेरी. आम्हाला तेव्हा वाटायचं म्हातारा कशाला झोप मोडतोय, पण त्या हजेरीनं बायका-पोरांची भीती गेली, कारण आपलं नाव कुणीतरी घेतंय, आपण मोजलेलो आहोत. सकाळी बोट आली तर आधी बाळंतीण, मग लहान पोरं, मग गोळ्यावाली म्हातारी माणसं, सगळं वहीतनं वाचून. स्वतः शेवटच्या फेरीत. बोटीतल्या जवानानं हात पुढं केला तर त्यांनी आधी वही दिली त्याच्या हातात, 'सब हाजिर' म्हणून, आणि मग पाय ठेवला.

ती वही नंतर कुठं गेली कुणास ठाऊक. पुराच्या चिखलात घरातलं सगळंच गेलं. म्हणून ट्रंक उघड बाई, पत्रा गंजायच्या आत.

आणि वर्षश्राद्धाचं म्हणशील तर आम्ही त्यांच्या वर्षाला जेवणावळ न करता पंचगंगा स्मशानभूमीला चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, दिल्या. कोल्हापुरात अंत्यसंस्कार मोफत होतात ते लोकांनी दिलेल्या अशा शेणीदानावर पण चालतंय, माणूस गरीब असू दे नाहीतर श्रीमंत, शेणी त्याच. ट्रॅक्टर भरून नेल्या, त्यांच्या नातवानं स्वतः उतरवून घेतल्या.

कसबा बावडा:

मी व्हिडिओचं म्हणालो होतो ते मागं घेतो. पुस्तिकाच कर ताई, पण एक प्रत मला पाहिजे. शेणी द्यायच्या ठरल्या तर ट्रॅक्टर आमच्याकडं आहे, डिझेलचं बघू नको.

राजारामपुरीची नात:

मंडळी, १२ दिवसांनी लिहितेय. ट्रंक उघडली.

बाई, तुम्ही सांगितलं तसं केलं. लसूण नव्हता, दिवाळीच्या करंज्या होत्या. दोन दिवस आज्जी खरंच पावसाचं आणि भावजयीचं बोलली. तिसऱ्या दिवशी मी सुभेदार काकांचं उत्तर मोबाईलवरनं तिला वाचून दाखवलं, जमालपूर म्हटल्यावर तिच्या हातातली लाटी परातीत पडली. म्हणाली, 'हे नाव त्यांनी एकदाच घेतलं हुतं, लग्नाच्या दुसऱ्या साली.' मग कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

वर चादर, घडी घातलेली, चारी कडा एकावर एक. त्याखाली हिरवी टोपी, तिचा लाल-हिरवा तुरा कागदात गुंडाळलेला. हाउसवाईफची गुंडाळी. डिस्चार्ज बुक आहे, आणि हो काका, १ मराठा. पूर्वी स्टार आहे, फीत उंदरानं जराशी खाल्लीय. संग्राम मेडलची कड खिडकीत धरली तर २७ नं सुरू होणारा नंबर आणि आबांचं नाव. मी बोट फिरवलं त्याच्यावर, मग आज्जीनं फिरवलं, तिला वाचता येत नाही नीट पण ती सावकाश सगळ्या अक्षरांवरनं बोट नेत होती.

आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोऱ्यानं बांधलेला कागदांचा गठ्ठा. मनीऑर्डरच्या पोचा. प्रत्येकीवर डिसेंबर महिन्याचा पोस्टाचा शिक्का. पहिली ७२ ची, दहा रुपयांची. मग पंधरा, पंचवीस, पुढं पन्नास, शंभर. शेवटची ९६ ची. पंचवीस वर्षांत एकही वर्ष चुकलेलं नाही, मी जमिनीवर लावून बघितलं. कारखाना बंद पडलेला, घरात पगार नव्हता तेव्हाची पण आहे, आत्याच्या लग्नाच्या वर्षाची पण आहे. सगळ्या चंदगड तालुक्यातल्या एकाच गावाला, एकाच बाईच्या नावानं. सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा. सुरुवातीच्या पोचांवर ठसा कसा रेषान् रेष उमटलेला आहे, मग पुढं पुढं पुसट होत गेलाय, शेवटच्या तीन-चारांवर तर नुसता निळा डाग आणि कागद थोडा चुरगळलेला, बहुतेक हात थरथरत असणार.

आज्जीनं मग सांगितलं. आबांच्याच सेक्शनमधला पोरगा, बेळगावला ट्रेनिंगपासून बरोबर. त्या रात्री आबांच्या डाव्या बाजूला होता. एकुलता एक. त्याची आई. आबा सुट्टीवर आले तेव्हा आधी चंदगडला गेले आणि मग आपल्या घरी, आणि आज्जी नवीन लग्नाची, ती दोन दिवस रुसून बसली होती की माझ्याकडं आधी का नाही आला. तेव्हा आबांनी जमालपूर हे नाव घेतलं. परत कधीच नाही. पैसे दरवर्षी आज्जीच काढून द्यायची, भांड्याच्या फळीवरच्या डब्यातनं, आणि पोरांना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलेलं होतं, कारण त्या माऊलीला उपकार वाटायला नकोत. ९७ साली पैसे परत आले. त्यानंतर आबा ११ तारखेला पोस्टात गेले नाहीत, नदीवर मात्र जात राहिले.

काका ते सगळं ऐकत उंबऱ्यात बसलेले. तिरंग्याचं ते परत बोलले नाहीत. उठून त्यांनी सगळ्या पोचा वर्षाप्रमाणे लावल्या आणि परत बांधल्या.

सुभेदार काका, वर्षश्राद्ध रविवारी आहे, तुम्ही नक्की या, पत्ता मेसेजवर पाठवते. शेणीदान पण ठरलंय, बावड्याच्या दादांशी बोलणं झालं. पुस्तिका त्या दिवशी होणार नाही, आता घाई करायची नाही असं सगळ्यांचं मत आहे. ११ डिसेंबरला पहाटे मी, बाबा आणि काका पंचगंगेवर जाऊन मग तसेच चंदगडला जाणार आहोत, त्या गावात त्यांच्या भावकीतलं कुणी आहे का बघायला. तिथनं बेळगाव जवळच पडतं, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज हातानंच देऊ. आज्जीला म्हटलं थंडी असते, तू थांब. तिनं ऐकलं नाही. ट्रंकेतली चादर ऊन दाखवायला बाहेर काढून ठेवलीय आणि कालपासून दोनदा विचारून झालं, किती वाजता निघायचं.